खेळणी घडविणारा सुतार : ओले कीर्क क्रिस्तियानसेन

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकासाठी चरित्रलेख लिहायचा म्हटले की काही ठराविक नावे डोळ्यांपुढे उभी राहतात. राजे, संत, समाजसुधारक, क्रांतिकारक, शास्त्रज्ञ. त्यांच्या थोरवीविषयी शंका नाही आणि त्यांच्यावर लिहिणारे माझे मित्र याही अंकात भेटतीलच. मी मात्र एका सुताराचे चरित्र लिहिण्याचे ठरविले आहे. या सुताराने सुरू केलेल्या कारखान्यातून निघालेला, बोटाच्या दोन पेरांएवढा रंगीत ठोकळा आज जगातल्या अनेक देशांतील मुलांच्या हातात आहे. ठोकळ्याचे 'लेगो' हे नाव पुष्कळांना ठाऊक असते. तो घडविणाऱ्या माणसाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. हे झाले पहिले कारण. दुसरे कारण घरचे आहे. मी सुताराचा मुलगा आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशअर्जावर पालकाचा व्यवसाय या रकान्यात मी 'सुतारकाम' असे लिहितो, आणि या एका शब्दाला साऱ्या जगाच्या इतिहासात कोठे जागा आहे का, हे शोधण्याची मला उत्सुकता होती. त्या शोधात मला ओले कीर्क क्रिस्तियानसेन भेटले.

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील लहानसा देश. त्याचा जटलंड नावाचा द्वीपकल्पाचा भाग आहे. त्याच्या मध्यभागी त्या काळी वाळूमिश्रित, नापीक माळराने पसरलेली होती. अशाच एका माळावर, फिल्स्कोव गावाच्या परिसरात, ७ एप्रिल १८९१ रोजी ओले कीर्क यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, परिस्थिती गरिबीची, भावंडे पुष्कळ. अशा घरातील मुलाच्या वाट्याला जे येते तेच त्यांच्याही वाट्याला आले. कळत्या वयापासून जनावरे राखण्याचे काम त्यांच्याकडे आले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते आपल्या थोरल्या भावाच्या हाताखाली सुतारकाम शिकू लागले. उमेदवारी पुरी झाल्यावर, १९११ साली, ते कामाच्या शोधात देशाबाहेर पडले. जर्मनीत आणि नंतर नॉर्वेत त्यांनी काम केले. नॉर्वेतच त्यांची हान्सिने या तरुणीशी ओळख झाली. १९१६ साली ते परत आले, तिच्याशी विवाह केला आणि गाठीशी जमलेल्या पैशांतून बिलुंड या खेड्यातील एक सुतारशाळा विकत घेतली.

बिलुंड हे नाव आज जगप्रसिद्ध असले तरी त्या वेळी ते रेल्वेचे एक लहानसे स्थानक आणि त्याभोवतीची थोडी घरे एवढेच होते. आसपासचे शेतकरी हेच ओले कीर्क यांचे गिऱ्हाईक. दारे, खिडक्या, कपाटे, पेट्या, शवपेटिका, शेतकऱ्यांची घरे आणि गोठे, जे काम येईल ते ते करीत. उन्हाळ्यात बांधकामे आणि हिवाळ्यात घरसामान असा त्यांचा वर्षाचा क्रम असे. हे वाचताना मला आमचे अण्णाच आठवत होते. सुगी झाली की शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो आणि मग चौकटी, देव्हारे, पाळणे यांची कामे निघतात. पाऊस नसला की रंधा आणि पटाशी दोन्ही खुंटीला लागतात. सुताराचे नशीब दुसऱ्याच्या शेतात पिकते, ही गोष्ट डेन्मार्कात काय आणि आपल्याकडे काय, सारखीच खरी आहे.

ओले कीर्क यांना चार मुलगे झाले. योहानेस, कार्ल गेओर्ग, गॉटफ्रेड आणि गेरहार्ट. १९२४ साली यांपैकी मधली दोघे, कार्ल गेओर्ग आणि गॉटफ्रेड, वडिलांच्या कारखान्यात खेळत असताना सरस तापविण्याच्या शेगडीशी त्यांनी काही उद्योग केला. विस्तवाने लाकडाच्या ढलप्या पेटल्या. सुतारशाळेत आग लागणे म्हणजे काय, हे ज्याने भुशाचे ढीग पाहिले आहेत त्याला सांगावे लागत नाही. कारखाना जळाला आणि लागून असलेले राहते घरही जळाले. कोणीही खचून गेला असता. ओले कीर्क यांनी वास्तुशिल्पज्ञाकडून आराखडा करून घेतला आणि पूर्वीपेक्षा मोठे घर व मोठा कारखाना उभा केला. घराच्या दाराशी दोन सिंह बसविले. ते घर आजही बिलुंडमध्ये उभे आहे. हे धैर्य होते हे तर खरेच, परंतु त्याबरोबर डोक्यावर कर्जही आले, हेही विसरता येत नाही.

१९२९ साली अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि त्याचे धक्के हळूहळू साऱ्या जगाला बसले. डेन्मार्कचा सारा भरवसा शेतीमालाच्या निर्यातीवर होता. मालाचे भाव पडले, शेतकरी बुडाला आणि शेतकऱ्यावर जगणारा सुतारही त्याच्याबरोबर बुडू लागला. घरे बांधणे थांबले. ओले कीर्क यांना हाताखालचे कारागीर एकेक करून कमी करावे लागले. मग त्यांनी लहानसहान वस्तू करावयास घेतल्या. घडीच्या शिड्या, इस्त्रीच्या फळ्या, बसायची स्टुले. यांच्या छोट्या प्रतिकृती करता करता ते खेळण्यांकडे वळले असे सांगतात. ते साल होते १९३२. त्याच वर्षी हान्सिने वारल्या. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा, धाकटा सहा वर्षांचा. धंदा बुडत चाललेला आणि घरात आई नाही, अशा स्थितीत चाळिशी ओलांडलेला हा विधुर माणूस लाकडी बदके, मोटारी आणि आगगाड्या घडवीत बसला.

येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. त्या काळात ओले कीर्क यांना कर्जाला जामीन हवा होता, म्हणून ते भावंडांकडे गेले. भावंडे जामीन राहिली; परंतु यापेक्षा काही उपयोगाचा धंदा तुला सापडला नाही का, असेही त्यांनी विचारल्याचे सांगितले जाते. हा प्रश्न मला परका वाटला नाही. मी बी.ए.ला नाव घातले तेव्हा आमच्या भावकीतील वडीलधाऱ्यांनी अण्णांना हेच विचारले होते. आय.टी.आय.ला घातले असते तर पोराच्या हाताला काम लागले असते. इतिहास आणि मराठी शिकून काय उपयोग, असे त्यांचे म्हणणे. या वर्गात बसणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांनी हा प्रश्न ऐकला असेल. त्यात द्वेष नसतो. गरीब घरात प्रत्येक गोष्टीला उपयोगाच्या तराजूत बसावेच लागते. मंदीच्या दिवसांत, लोकांना भाकरीची भ्रांत असताना, लाकडी बदकाचा उपयोग काय, या प्रश्नाला ओले कीर्क यांच्यापाशी तरी तयार उत्तर कोठे होते? त्यांनी उत्तर दिले नाही. ते बदके करीत राहिले.

सुरुवात काही सुखाची झाली नाही. एका घाऊक व्यापाऱ्याने नाताळसाठी खेळण्यांची मोठी मागणी नोंदविली आणि माल उचलण्याआधीच त्याचे दिवाळे निघाले. तयार माल अंगावर पडला. तेव्हा ओले कीर्क स्वतः गावोगाव हिंडून खेळणी विकू लागले. पुष्कळदा पैशांऐवजी खाण्याचे जिन्नसच हाती पडत. पुढे 'यो-यो' या खेळण्याचे वेड सर्वत्र पसरले. दोरीवर खालीवर होणाऱ्या या चकत्यांना एवढी मागणी आली की कारखाना रात्रंदिवस चालला. आणि वेड जसे आले तसे ओसरलेही. चकत्यांचे ढीग शिल्लक राहिले. ओले कीर्क यांनी त्या मधोमध दुभागल्या आणि खेळण्यातल्या मालमोटारींना त्यांची चाके बसविली. लाकूड वाया जाऊ द्यायचे नाही हा सुताराचा धर्म असतो. आमच्या घरी उरलेल्या तुकड्यांतून पाट होतात, पाटांतून उरलेल्यांची लाटणी होतात, आणि त्यातूनही जे उरते ते चुलीत जाते.

१९३४ च्या सुमारास या धंद्याला नाव हवे होते. ओले कीर्क यांनी कामगारांमध्ये स्पर्धा लावली आणि बक्षीस म्हणून घरी केलेल्या मद्याची बाटली ठेवली. गंमत अशी की शेवटी त्यांनी स्वतः सुचविलेलेच नाव पसंत पडले. डॅनिश भाषेत 'लेग' म्हणजे खेळणे आणि 'गोट' म्हणजे चांगले. या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून 'लेगो' हा शब्द झाला. लॅटिनमध्येही हा शब्द असून त्याचा अर्थ 'मी जमवितो, एकत्र करतो' असा लावता येतो, हे बऱ्याच दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आले. ज्या ठोकळ्यामुळे तो अर्थ सार्थ व्हायचा होता तो तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

आता त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत आवडलेला प्रसंग सांगतो. गॉटफ्रेड हा तिसरा मुलगा लहान वयातच वडिलांच्या हाताखाली आला होता. खेळण्यांसाठी बीचचे लाकूड वापरीत. ते नीट वाळविलेले असे, आणि घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर रोगणाचे तीन हात देण्याची पद्धत होती. एकदा बदकांची एक खेप आगगाडीने रवाना करायची होती. गॉटफ्रेड संध्याकाळी मोठ्या आनंदाने वडिलांकडे आला आणि आपण तीनऐवजी दोनच हात देऊन रोगण वाचविल्याचे त्याने सांगितले. ओले कीर्क यांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी मुलाला तसेच स्थानकावर पिटाळले, पेट्या परत आणवल्या, आणि प्रत्येक बदकाला तिसरा हात देऊन त्या पुन्हा स्थानकावर पोचवल्याशिवाय झोपायचे नाही, असे बजावले. तेही एकट्याने. मुलाने ते रात्रभर केले. पुढे त्याच गॉटफ्रेडने, उत्तमाहून कमी काहीही पुरेसे नाही अशा आशयाचे वडिलांचे ब्रीद लाकडावर कोरून कारखान्यात लावले.

तिसरा हात डोळ्यांना दिसत नाही. गिऱ्हाइकाला दोन हातांचे बदक आणि तीन हातांचे बदक शेजारी ठेवून ओळखता येणार नाही. परंतु मूल ते बदक अंगणात ओढते, पाण्यात भिजविते, तोंडात घालते आणि मग एका वर्षाने फरक दिसतो. चांगला कारागीर त्या एका वर्षानंतरच्या दिवसासाठी आज काम करीत असतो. आमचे अण्णा चौकटीची जी बाजू भिंतीत जाणार तिलाही रंधा मारतात. तिकडे कोण बघणार, असे मी लहानपणी विचारी. त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर नव्हते. ते नुसते हसत आणि रंधा मारीत. बिलुंडची ही गोष्ट वाचल्यावर मला त्या हसण्याचा अर्थ लागला असे वाटते.

१९३४ साली ओले कीर्क यांनी सोफी यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांना उल्ला नावाची मुलगी झाली. ओले कीर्क श्रद्धाळू ख्रिस्ती होते. कामाचा दिवस प्रार्थनेने सुरू करण्याचा कारखान्यात प्रघात होता. १९४० साली जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला. परदेशी माल येईनासा झाला आणि देशी खेळण्यांचा खप वाढला. जरा बरे दिवस दिसू लागले तोच मार्च १९४२ मध्ये कारखान्याला पुन्हा आग लागली. यंत्रे, माल, नमुने आणि आजवरची सारी रेखाटने भस्मसात झाली. या वेळी ओले कीर्क पन्नाशीत होते आणि सारे सोडून द्यावे असा विचार त्यांच्याही मनात आला होता, असे म्हणतात. परंतु कारखान्यावर गावातील अनेकांची पोटे अवलंबून होती. त्यांनी तिसऱ्यांदा उभारणी केली.

युद्ध संपले आणि त्यांच्या आयुष्याने वेगळेच वळण घेतले. १९४६ साली कोपनहेगन येथे त्यांनी एक ब्रिटिश बनावटीचे यंत्र पाहिले. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात सोडायचे, थंड झाले की साचा उघडायचा आणि वस्तू बाहेर काढायची, असे त्याचे काम. किंमत सुमारे ३०,००० क्रोनर. घरच्यांचा विरोध होता. पंचावन्न वर्षांच्या, लाकडाशिवाय दुसरे काही न हाताळलेल्या सुताराने एवढी रक्कम प्लॅस्टिकसारख्या नव्या आणि बेभरवशाच्या पदार्थात घालावी, हे कोणालाच पटले नाही. त्यांनी ते घेतलेच. १९४७ च्या अखेरीस यंत्र बिलुंडला आले.

या यंत्रासोबत प्लॅस्टिकच्या विटांचे काही नमुनेही त्यांच्या पाहण्यात आले होते. ते नमुने इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांचे. 'किडीक्राफ्ट' या नावाने पेज लहान मुलांची खेळणी करीत आणि वर बुंध्या असलेली, एकमेकींवर बसणारी वीट त्यांनी आधीच बाजारात आणली होती. ओले कीर्क आणि गॉटफ्रेड यांनी तिच्या मापांत आणि कडांत थोडा फेरफार केला आणि १९४९ साली आपली वीट विक्रीस काढली. येथे चरित्रलेखकाने डोळे झाकून चालणार नाही. मूळ कल्पना पेज यांची होती. ते १९५७ साली वारले, आणि डेन्मार्कमधल्या या विटेविषयी त्यांना काही कळले नसावे असे मानले जाते. पुढे १९८१ साली लेगो कंपनीने पेज यांच्या विटेचे उरलेले हक्क विकत घेतले. कायद्याच्या दृष्टीने त्या वेळच्या डेन्मार्कात काही अडचण नसेलही. परंतु दोन हातांचे रोगण ज्यांना खपत नव्हते त्या ओले कीर्क यांनी पेज यांना एक पत्र धाडले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. थोर माणसाच्या चरित्रातही एखादी बाजू रंध्याविना राहून जाते.

ही पहिली वीट म्हणावी तशी चालली नाही. ती आतून पूर्ण पोकळ होती. एकीवर एक बसे, परंतु घट्ट धरून राहत नसे. उंच रचलेला मनोरा हात लागताच ढासळे. शिवाय लोकांचा जीव लाकडावर होता. त्या सुमारास कारखान्यात लाकडी आणि प्लॅस्टिकची मिळून सुमारे दोनशे प्रकारची खेळणी होत आणि वीट ही त्यांतील केवळ एक होती. १९५४ साली गॉटफ्रेड इंग्लंडच्या प्रवासात बोटीवर असताना एका मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याशी त्याची गाठ पडली. खेळण्यांच्या धंद्यात कसलीच पद्धत नाही, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, अशी त्या गृहस्थांची तक्रार होती. गॉटफ्रेडच्या मनाने ती घेतली. आपल्या दोनशे खेळण्यांत असे कोणते आहे की जे आज घेतले तर उद्याच्याला जोडता येईल? विचार करता करता तो विटेपाशी येऊन थांबला. १९५५ साली विटांचे २८ संच आणि ८ वाहने यांची मिळून एक सुसंगत मालिका निघाली. रस्ते आखलेल्या नकाशावर मुलाने आपले गाव वसवायचे, आणि नवा संच आणला की तो जुन्यात मिसळायचा. कारभार आता बराचसा गॉटफ्रेड पाहत होता. ओले कीर्क यांची प्रकृती खालावत चालली होती.

घट्ट न बसण्याचा दोष मात्र राहिलाच होता. त्यावर १९५८ च्या आरंभी उत्तर सापडले. विटेच्या पोकळीत उभ्या नळ्या घालायच्या. दोन ओळींत चार चार बुंध्या असलेल्या विटेत अशा तीन नळ्या असतात. खालच्या विटेची प्रत्येक बुंधी वरच्या विटेत शिरली की तीन जागी दाबली जाते. कोपऱ्यातली बुंधी दोन भिंती आणि एक नळी यांच्यामध्ये, मधली बुंधी एक भिंत आणि दोन नळ्या यांच्यामध्ये. सरस नाही, खिळा नाही, तरी सांधा पक्का. आणि मुलाने ओढले की सुटणारा. २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगन येथे या रचनेच्या एकस्वासाठी अर्ज दाखल झाला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, हृदयविकाराने ओले कीर्क यांचे निधन झाले. ते ६६ वर्षांचे होते. आपली वीट जगभर जाणार हे त्यांनी पाहिले नाही.

परंतु त्या वर्षीची वीट आज तयार झालेल्या विटेत बसते, ही गोष्ट मला स्मारकाहून मोठी वाटते. हे साधते ते मापामुळे. एका बुंधीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ पट्टीची उंची त्याच्या एकतृतीयांश म्हणजे ३.२ मिलिमीटर. तीन पट्ट्या म्हणजे एक वीट. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर १६ मिलिमीटर होतात आणि तेवढीच दोन बुंध्यांची रुंदी असते. म्हणून रचना आडवी करूनही ती उभ्या रचनेत बिनचूक बसविता येते. ज्यांना संचातील चित्राबरहुकूम बांधायचे नसते, मनातले घर, पूल किंवा मंदिर उभे करायचे असते, ते याच हिशोबावर काम करतात. कागदावर चौकटी आखून आधी पाया ठरवायचा, मग भिंतीतील सांधे एकावर एक येणार नाहीत अशा विटा लावायच्या, अगदी गवंडी लावतो तशा. आठ बुंध्यांच्या विटांपैकी फक्त दोन एकत्र जोडण्याचे २४ प्रकार होतात, तिनांचे १,०६०. आणि एकाच रंगाच्या सहा विटांचे ९१,५१,०३,७६५ प्रकार होतात, असे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञांनी संगणकावर मोजून काढले आहे.

२००७ पासून कंपनीने मोठ्या माणसांसाठी इमारतींची एक मालिका सुरू केली. बहुतेक इमारती ३२ बुंध्यांच्या, म्हणजे २५.६ सेंटिमीटरच्या चौरसावर उभ्या राहतात. शेजारच्या इमारतीशी जोडण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि प्रत्येक मजला झाकणासारखा उचलता येतो. एवढे तीन नियम पाळले की कोणीही आपली स्वतःची इमारत करून त्या रस्त्यात उभी करावी. कोणाचे पुस्तकाचे दुकान, कोणाची शाळा, कोणाचे आजोळचे घर. हजार मैलांवरच्या दोन अनोळखी माणसांनी केलेल्या इमारती शेजारी ठेवल्या तर त्यांच्या भिंती जुळतात. १९९५ साली जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने असे आराखडे संगणकावर करण्याची आज्ञावली तयार केली आणि ती विनामूल्य दिली. तो १९९७ साली अकाली वारला. लोक ते काम अजून पुढे नेत आहेत.

या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागली, आणि गॉटफ्रेडने लाकडी खेळणी कायमची बंद करण्याचा निर्णय घेतला. दोन भाऊ त्यानंतर कंपनीतून बाहेर पडले. सुताराच्या कारखान्यातून लाकूड गेले. हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो, कारण तीच गोष्ट मी आमच्या ओसरीवर बसून पाहत आलो आहे. आता घरोघर तयार मापाची कपाटे आणि ओटे येतात. त्यांना 'मॉड्युलर' म्हणतात. कारखान्यातून पट्ट्या कापून, भोके पाडून येतात. जागेवर फक्त स्क्रू आवळायचे. अण्णा अलीकडे एका दुकानदाराकडे रोजावर तेच स्क्रू आवळायला जातात. खाच आणि कुसू यांचा सांधा केसाएवढीही फट न ठेवता बसविणाऱ्या हाताला दिवसभर स्क्रू आवळावे लागतात, आणि तरीही घरी आल्यावर ते कोणती फळी गुण्यात नव्हती, ती त्यांनी कशी सरळ करून घेतली, हे आईला सांगतात. दुकानदाराने त्याचे पैसे वेगळे दिलेले नसतात.

मापात कापलेल्या वस्तूला मी शत्रू मानावे की नाही, हे मला ठरविता येत नाही. बिलुंडच्या विटेतही माप आहे आणि त्या कपाटातही माप आहे. पण मला दिसलेला फरक एवढा आहे की ओटा बसविणाऱ्याने फक्त बसवायचे असते, त्याने काही योजायचे नसते. विटेचे माप मात्र हातात घेणाऱ्याला स्वतःचे काहीतरी योजायला मोकळीक देते. ओले कीर्क यांच्या कारखान्याने लाकूड सोडले, परंतु बुद्धीने वापरावयाचा हात सोडला नाही. उलट तो कोट्यवधी मुलांना दिला. त्यांना आपल्या धंद्यातील कोणती गोष्ट टाकता येईल आणि कोणती टाकता येणार नाही, याची समज होती. टाकता येण्याजोगे होते लाकूड. न टाकता येणारा होता तिसरा हात.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्या शिक्षणाच्या उपयोगाविषयीचा प्रश्न आपल्याला घरी विचारला गेला आहे आणि पुढेही विचारला जाईल. मी त्यावर मोठे तत्त्वज्ञान सांगू शकत नाही. एवढेच सांगतो की मंदीच्या एका वर्षी, बायको गेलेली, कर्ज झालेले, मुले लहान, अशा स्थितीत एका खेड्यातील सुताराने लाकडाची बदके केली आणि निरुपयोगी ठरविलेल्या त्या कामात त्याने एकही हात कमी दिला नाही. माझ्या वाट्याला निबंध आहेत, परीक्षा आहेत, हा लेख आहे. यांतील भिंतीत जाणाऱ्या बाजूला मी रंधा मारला आहे की नाही, हे माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. ओले कीर्क आणि आमचे अण्णा यांची भेट होणे शक्य नव्हते. झाली असती तर भाषेची अडचण आली असती. परंतु एखादी फळी मध्ये ठेवली असती तर दोघांनीही प्रथम तिच्या कडेवरून अंगठा फिरवला असता, याविषयी मला शंका नाही.